गाडीत पाणी कोण घालतं?

लोणंदहून परत येताना सालपे घाटात गाडीचा काटा पहिल्यांदा वर गेला. उन्हाळा होता, एसी चालू होता. मागच्या सीटवर बायको आणि माझ्या बहिणीनं, आक्कानं भरून दिलेल्या पिशव्या, पुढे माझ्या शेजारी आप्पा, म्हणजे माझे वडील. अर्धा चढ झाला असेल नसेल, काटा तांबड्या रेघेकडे सरकायला लागला आणि समोर लाल दिवा पेटला. मी आधी घाबरलो आणि लगेच चिडलो. ही गाडी आम्ही वर्षभरापूर्वी आक्काच्या नवऱ्याकडून, दाजींकडून घेतली होती, आणि त्यांच्याच घरचं जेवून आम्ही निघालो होतो.

आप्पा मात्र शांत होते. एसी बंद कर म्हणाले, काचा खाली घे आणि हीटर पुरा चालू कर. बायकोला वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं. पण इंजिनाची उष्णता आत ओढून घेतली की तेवढाच त्याचा भार हलका होतो, हे सैन्यात ट्रक चालवलेल्या माणसाला ठाऊक असतं. भट्टीत बसल्यासारखे आम्ही थोडं पुढे गेलो, सपाट जागा बघून थांबलो. बॉनेटखालून वाफ येत होती. आप्पांनी मला पाण्याच्या टाकीच्या झाकणाला हात लावू दिला नाही. सगळं गार झाल्यावर त्यांनी डिकीतून पाण्याचा कॅन काढला आणि टाकीत पाणी ओतलं. डिकीत कॅन असतो हे मला त्या दिवशी कळलं.

दाजींनी गाडी गळ्यात मारली, मी म्हणालो. आप्पा म्हणाले, चढाला सगळ्याच गाड्या तापतात. आमच्या शेजारून उसासारखी माणसं भरलेली एक जुनाट जीप आरामात वर गेली. 

माझ्या संशयी स्वभावाला घरचे नावं ठेवतात, पण तो मला धंद्यानं दिलाय. आष्ट्यात माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक बाटली परत आणतं आणि म्हणतं, औषध बनावट हाय. त्यानं पाणी किती घातलं, दुपारच्या उन्हात फवारलं का, हे ते सांगत नाही. कंपनीचा माणूस येतो तो गिऱ्हाइकाला खोटं पाडतो. दोघांच्या मध्ये बसून बसून मला कुणाचंच पटेनासं झालंय. समोरचा जास्त गोड बोलायला लागला की माझ्या मनात पाल चुकचुकते, आणि दाजी फार गोड बोलतात.

त्यात आणखी एक गोष्ट होती. शेताच्या वाटणीच्या वेळी आक्कानं हक्कसोडीवर सही केली होती. आमच्याकडे बहिणी करतात तशीच, काही न बोलता, तहसील कचेरीच्या पायरीवर चहा पिऊन. ती बोलली नाही, पण दाजींच्या मनात ते असणार असं मला वाटायचं. त्यांनी गाडी दिली तेव्हा इंजिन धुऊन, पुसून, चकचकीत करून दिलं होतं. गाडी बाहेरून धुणारे पुष्कळ बघितलेत. इंजिन कोण धुतं? ज्याला तिथलं काहीतरी पुसायचं असतं तो. हे मला घेताना सुचलं नाही, घाटात सुचलं, आणि मग डोक्यातून गेलंच नाही.

आप्पांना हे सांगायची सोय नव्हती. काचबिंदूनं त्यांची नजर गेलेली, लायसन बंद झालेलं. आक्कावर त्यांचा जीव. तिच्या घराबद्दल कुणी वावगा शब्द काढला की ते उठून गोठ्याकडे जायचे.

सांगलीत एक मिस्त्री आहेत. दोन पिढ्यांचं गॅरेज. आधी त्यांचे वडील ट्रॅक्टरचं काम करायचे, यांनी मोटारी धरल्या. माणूस बडबड्या आणि स्वतःवर खूश. गाडीचा आवाज ऐकूनच रोग सांगतो असं ते गिऱ्हाइकाला सांगतात. मी आवाज ऐकवला तर म्हणाले, हिला कायबी झालेलं न्हाई. मग मी घाटाची हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलं.

मी हाताची घडी घालून शेजारीच उभा राहिलो. गॅरेजमध्ये गाडी सोडून चहाला जाणाऱ्यातला मी नाही. मिस्त्रींना ते आवडलं नाही, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. पंखा वेळेवर फिरतो का बघितलं. तेलाचं झाकण काढून त्याखाली पांढरा फेस आहे का बघितलं, कारण पाणी तेलात मिसळलं असेल तर तो तसा जमतो. इंजिन चालू ठेवून पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतात का तेही. यातलं काही नव्हतं, म्हणजे इंजिनाचं डोकं, मिस्त्री हेड म्हणतात ते, शाबूत होतं. टाकीही काठोकाठ भरलेली होती. मग त्यांनी पुढची जाळी खोलली आणि मला हाक मारली.

आत उसाचा पाला कोंबून बसला होता. वर कारखान्याच्या धुराड्यातून पडणारी काळी राख, तिचा चिखल होऊन वाळलेला. आमच्या रस्त्यांवर गळिताच्या दिवसांत हे सगळं उडतच असतं. मिस्त्रींनी मला टर्बो समजावून सांगितला, मला माहीत नसल्यासारखा, आणि खरं म्हणजे नव्हताच माहीत. इंजिनाच्या धुरावर एक छोटं चाक फिरतं, ते हवा दाबून इंजिनात घालतं. त्यामुळे लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. पण दाबलेली हवा तापते. तिला गार करायला एक जाळी, तिच्या मागे इंजिनाचं पाणी गार करायला रेडिएटरची जाळी, आणि दोघींच्या मध्ये हा पाला. सपाटीला टर्बोवर जोर नसतो म्हणून कळत नाही. चढाला सगळा जोर एकदम येतो आणि वाराच मिळत नाही.

पटण्यासारखं होतं, म्हणून मला जास्तच शंका आली. त्यांनी पाण्यानं आणि हवेनं दोन्ही जाळ्या साफ केल्या, आणि आता काश्मीरपर्यंत जावा म्हणाले. मी म्हणालो, साताऱ्यापर्यंत गेली तरी पुष्कळ.

औषध कंपनीची बैठक साताऱ्यात होती. ती आटोपल्यावर मी मुद्दाम यवतेश्वरच्या घाटाला लागलो. एकटाच होतो. एसी पूर्ण, गिअर खालचा, पाय दाबून. माझ्या गाडीची परीक्षा मी घेतोय आणि ती नापास व्हावी अशीच माझी इच्छा आहे, हे मला अर्ध्या वाटेत जाणवलं. एका वळणानंतर काटा हलला. सालप्याएवढा नाही, पण हलला. मी गाडी कडेला घेतली, खाली सातारा शहर दिसत होतं, आणि मला कसं सांगू, बरं वाटलं. म्हणजे मी बरोबर होतो. एक तर मिस्त्रीनं नुसती हवा मारून मला घालवलं होतं, नाही तर दाजींनी आतून कुजलेली वस्तू दिली होती. दोघांपैकी एक तर चोर होताच.

पुन्हा सांगली. या वेळी मिस्त्री कमी बोलले. गाडी तापवून त्यांनी पिस्तुलासारखं एक यंत्र आणलं. ते लांबून धरलं की समोरची वस्तू किती गरम आहे ते दिसतं. रेडिएटरवर त्यांनी ते वरून खाली फिरवलं. वर चटका बसेल इतकं, आणि मध्येच मोठा पट्टा जवळजवळ गार. गार म्हणजे चांगलं ना, मी विचारलं. नाही, ते म्हणाले, तिथून पाणी जातच नाही. आतल्या नळ्या बुजल्यात.

त्यांनी थर्मोस्टॅट काढला, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडप. ती चुन्यात बुडवून काढल्यासारखी पांढरी होती. मग त्यांनी टॉर्च धरून टर्बोच्या मागे बघितलं, डोकं आत घालून बराच वेळ. टर्बोला गार ठेवायला पाण्याची एक बारकी नळी जाते. तिच्या तोंडाशी पत्र्याची क्लिप असते, ती ढिली होती. खाली इंजिनावर गुलाबी पांढरे ओघळ वाळून बसले होते.

"ही गळती आजची न्हाई," मिस्त्री म्हणाले. "लय जुनी हाय. थेंब थेंब."

मला पुढचं ऐकायचंच नव्हतं. जुनी हा एक शब्द पुरे होता. इंजिन का धुतलं होतं ते आता डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होतं. ओघळ पुसायला. मी गॅरेजच्या बाहेर रस्त्यावर आलो. भर दुपार, रस्ता तापलेला. मी दाजींना फोन लावला, तो लागला नाही, ते कारखान्यात पाळीवर असणार. मग आक्काच्या नंबरवर लावला. आक्कानं उचलला आणि ती आनंदानं बोलायला लागली, कधी येताय, आप्पांचे डोळे कसे आहेत. मी तिला मध्येच तोडलं.

"हक्क असा वसूल करायचा हुता तर तोंडानं मागायचा," मी म्हणालो. "सडकी गाडी कशाला गळ्यात घातली?"

 तिच्या मागे मिक्सर चालू होता, तो बंद झाला. मी आणखी बोललो, ते सगळं इथे लिहीत नाही. शेवटी ती "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर मला आणखी जोर आला असता.

आत गेलो तर मिस्त्री टाकीकडे बघत उभे होते. हातातल्या काचेच्या ग्लासात त्यांनी थोडं पाणी काढलं होतं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायचं रंगीत द्रावण, गुलाबी असतं, नाही तर हिरवं, आणि हे जवळजवळ साधंच पाणी होतं, तळाला पांढरी साय बसलेलं. ते म्हणाले, साहेब, एक गोष्ट जुळंना. एवढ्या दिवसांची गळती, तर टाकी कधीच रिकामी व्हायला पाहिजे. पण पहिल्यांदा आणली तेव्हा काठोकाठ, आज पण काठोकाठ.

"गाडीत पानी कोण घालतंय?" त्यांनी विचारलं.

कुणी नाही, मी म्हणालो. ते माझ्याकडे जसे बघत होते तसा मी माझ्या दुकानात गिऱ्हाइकाकडे बघतो. हे पाणी बोअरचं आहे, ते म्हणाले, खारं. तुमच्या भागातलं. तुमच्या घरच्या हीटरच्या रॉडवर जे पांढरं चढतं तेच आत चढलंय. रोज थोडं थोडं, वर्षभर तरी. गळती क्लिपची होती, क्लिप आवळायला मला चहा प्यायएवढापण वेळ लागला नसता. गाडी मारली ती पाण्यानं.

तरी माझा पहिला विचार काय असावा? मिस्त्रीनंच पहिल्या खेपेला कूलंट काढून घेतलं आणि पाणी भरलं. पण मी तर शेजारी उभा होतो, घडी घालून. मग बायकोचा संशय आला, मग शेजारच्यांचा, ज्यांची गाडी आमच्या शेडला लागून असते. रेडिएटर काढायचा होता, गाडी तिथेच ठेवावी लागली. एसटीनं आष्ट्याला येईपर्यंत मी एकेकाला आरोपी करून सोडत होतो, आणि आप्पा त्या रांगेत कुठेच नव्हते.

गाडीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. नवा रेडिएटर बसला, टर्बोची नळी बदलली, इंजिन आतून औषधानं धुतलं, बाटलीतलं शुद्ध पाणी आणि कूलंट मोजून भरलं. यवतेश्वर ती आता गाणं म्हणत चढते. दाजींना ती क्लिप ढिली असल्याचं माहीत होतं की नव्हतं, हे मला अजूनही कळलेलं नाही, आणि कळून घ्यायचं नाही असं मी स्वतःला बजावतो. पण इंजिन त्यांनी का धुतलं, हा किडा अधूनमधून वळवळतोच.

तर त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. ऊन कलतं होतं, आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बायकोला मी विचारलं, गाडीत पाणी कुणी घातलं का. ती कणीक मळत होती, तिनं वरही बघितलं नाही.

"आवं, आप्पाच घालत्यात की रोज सकाळी. तुमी उठायच्या आधी. तुमाला म्हाईत न्हाई?"

सगळ्यांना माहीत होतं. सैन्यातली सवय. गाडी जागची हलायच्या आधी बॉनेट उघडायचं, तेल बघायचं, पाणी बघायचं, टायर दाबून बघायचे. लायसन गेलं तरी हे गेलं नव्हतं. दिसत नव्हतं तर ते बोट बुडवून पातळी बघायचे. आणि पाणी ओल्या फडक्यातून गाळून घालायचे, आत कचरा जाऊ नये म्हणून. हेही बायकोनंच सांगितलं. फडकं दोरीवर वाळत होतं.

मी अंगणात गेलो आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं. आप्पांनी नाकारलं नाही. व्हय म्हणाले, मीच. मी त्यांना चुन्याचं सांगितलं, बुजलेल्या नळ्यांचं, गार पट्ट्याचं. आमच्या ट्रकांना नदीचं पाणी चालायचं, ते म्हणाले, खाऱ्या पाण्याचं हे मला माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण राग गेला नव्हता. पाणी कमी होतंय हे कळलं होतं तर मला का सांगितलं नाही, मी विचारलं. एक वर्ष तुम्ही रोज गळती भरून काढताय आणि मला एका शब्दानं नाही?

त्यांनी मान खाली घातली.

"पयल्याच आठवड्यात कळलं मला," ते म्हणाले. "बोटभर उतरायचं रोज. कुठनं गळतंय ते दिसंना मला, हात घातला तर भाजला. मिस्त्रीकडं न्यायची म्हंजे तुला सांगाय लागणार."

"मग सांगायचं."

"तुला सांगितलं आसतं तर तू हितनं लोणंदला फोन लावला आसतास. तिच्या नवऱ्याला चोर म्हणला आसतास. तुझा सोभाव मला म्हाईत न्हाई व्हय?" ते थांबले. "तिनं एक सही करून समदं सोडलं, रं. आता म्हायेरचा येक उंबरा तेवढा हाय तिला. थेंबभर पान्यासाठी त्यो बंद व्हायला नको म्हणून मीच घालत ऱ्हायलो."

 माझा राग तिथंच उतरला. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, पण मी गप्प झालो हे ऐकू येत होतं. त्यांनी मान वर केली.

"फोन केला न्हाईस न्हवं?"

खोटं बोलावं असं मनात आलं. पण ते आज नाही उद्या आक्काशी बोलणारच होते. केला, मी म्हणालो. दुपारी. काय बोललास म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, हक्काचं ते वाक्यसुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

"लाव तिला," ते म्हणाले.

मी माझ्या फोनवरून लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला, या वेळी मध्येच कापला गेला. कामात असंल, आप्पा म्हणाले, आणि बंडीच्या खिशातून त्यांनी स्वतःचा बटणांचा छोटा फोन काढला. आकडे दिसत नसल्यानं त्यात एका बटणावर आक्का ठेवलेली आहे. ते दाबल्याबरोबर तिनं उचललं. अंगणात मला तिचा आवाज ऐकू आला, आप्पा, जेवलासा का?

आप्पांनी आधी नातवंडांची चौकशी केली. मग म्हणाले, गाडीत खारं पानी मी घातलं, बाय, त्यात तुझ्या मालकाचा काय दोष न्हाई, आणि हा म्हणला ते मनावर घेऊ नगंस. पलीकडून ती काही तरी हळू बोलत होती. ते नुसते व्हय व्हय करत होते आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होते. शेवटी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

मी तो कानाला लावला. काय म्हणायचं ते ठरवलं होतं, पण तोंडातून फक्त "आक्का, मी हाय" एवढंच आलं.

तिच्या श्वासाचा आवाज येत होता. मी वाट बघितली.

"आप्पांकडं दे फोन," ती म्हणाली.

मी दिला.